नकाशातली खोटी वाट

प्राथमिक शाळेत बेरीज शिकवताना गुरुजी फळ्यावर एक गणित हमखास मांडतात. वर ९९९९ आणि खाली १. मुले एककाच्या घरापासून सुरुवात करतात. नऊ आणि एक दहा; शून्य मांडले, हातचा एक. पुढच्या घरात पुन्हा नऊ आणि हातचा एक, दहा. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक. असा तो हातचा एकेक घर ओलांडीत डाव्या टोकाला जाऊन पोचतो, तेव्हा कुठे १०००० हे उत्तर पुरे होते. आता याच्याच शेजारी ४३२१ आणि १२३४ ही बेरीज मांडून बघा. इथे हातचा मुळी निघतच नाही. चार मुलांनी चार घरे वाटून घेतली, तर ५५५५ हे उत्तर एका दमात तयार. दोन्ही बेरजा चार अंकीच. पण एकीला वेळ लागतो आणि दुसरीला लागत नाही.

गणकयंत्राच्या, म्हणजे आज आपण ज्याला संगणक म्हणतो त्याच्या, वेगाचा बराचसा इतिहास या हातच्याच्या मागोमाग चालत आलेला आहे. त्या इतिहासातले एक लहानसे पण मोठे उद्बोधक प्रकरण आज आपल्यापुढे मांडायचे आहे. ते आहे खोट्या वाटेचे. इंजिनियर लोक तिला ‘फॉल्स पाथ’ म्हणतात. कागदावर ही वाट दिसते, मोजता येते, सगळ्या वाटांत लांब भरते; आणि तिच्यावरून कधी कोणी जात नाही. अशी वाट ओळखायला जाणत्या माणसांनासुद्धा किती वर्षे लागली आणि ओळखता ओळखता ती कुठे ठेचकाळली, याची ही हकीकत आहे.

हातचा वेळ खातो ही गोष्ट विजेच्या यंत्रांच्या आधीच एका माणसाच्या ध्यानात आली होती. इंग्लंडातला चार्ल्स बॅबेज हा तो माणूस. जन्म १७९१ चा, मृत्यू १८७१ सालचा. १८३० नंतरच्या दशकात तो दातेरी चाकांच्या एका मोठ्या गणकयंत्राचे आराखडे करीत बसला होता. चाळीस-पन्नास अंकी संख्यांची बेरीज त्या यंत्राने करायची होती. हातचा एकेका चाकावरून पुढे सरकत राहिला, तर बाकीचे यंत्र नुसते ताटकळत उभे राहणार! तेव्हा बॅबेजने एक युक्ती काढली. ओळीने जितकी नऊ-नऊची चाके असतील ती सगळी एकमेकांत अडकवून एकदम पुढे सरकवायची. हातचा येणार हे आधीच ओळखून तयारीत राहायचे. त्याच्या हयातीत ते यंत्र काही पुरे झाले नाही. पण वेग वाढवायचा असेल तर हातच्याची वाट तोडली पाहिजे, हा विचार मात्र मागे राहिला.

विजेची यंत्रे आली आणि या विचाराला धार चढली. अमेरिकेत १९४६ साली जगापुढे आलेल्या ‘एनिॲक’ या यंत्रात सुमारे अठरा हजार निर्वात नळ्या होत्या, आणि त्याला ताल देणारा भाग सेकंदाला एक लाख ठोके देत असे. हा ठोका म्हणजे काय, हे शाळेच्या घंटेवरून समजेल. घंटा झाली की मुले लिहायला लागतात. पुढची घंटा झाली की पाट्या गोळा होतात. त्या वेळी पाटीवर जे असेल ते उत्तर. एखाद्याचे गणित अर्धवट राहिले असेल, तर ते अर्धवटच गोळा होणार. यंत्रातही असेच. एका ठोक्याला आकडे निघतात, शेकडो लहान लहान फाटकांतून, ज्यांना ‘गेट’ म्हणतात त्यांतून, वाट काढीत जातात आणि पुढच्या ठोक्याला पलीकडे पकडले जातात. प्रत्येक फाटक थोडा वेळ घेते. सगळ्यांत सावकाश येणारा आकडा पोचायच्या आधीच ठोका पडला, तर यंत्र चुकीचा आकडा पकडते. आणि तो चुकीचा आहे हे त्याला कळत नाही. म्हणून दोन ठोक्यांमधले अंतर ठरवायचे असेल, तर सर्वांत सावकाश वाट कोणती हे आधी कळायला हवे.

आजच्या यंत्रात हे अंतर किती असते? सेकंदाला तीन अब्ज ठोके हा आता नेहमीच्या वापरातला वेग आहे. अमेरिकन आरमारातल्या ग्रेस हॉपर या गणकशास्त्रज्ञ बाई आपल्या व्याख्यानात श्रोत्यांना जेमतेम फूटभर लांबीचे तारेचे तुकडे वाटीत असत. सेकंदाच्या अब्जाव्या भागात वीज फार तर एवढेच अंतर जाऊ शकते, हे डोळ्यांना दिसावे म्हणून. तीन अब्ज ठोके म्हटल्यावर त्या तारेचा तिसरा हिस्सा, म्हणजे सुमारे दहा सेंटिमीटर उरले. एवढ्याशा अवधीत आकड्याने सगळी फाटके ओलांडून जायचे असते.

मग सर्वांत सावकाश वाट शोधायची कशी? पहिला सरळ उपाय म्हणजे सगळे आकडे घालून बघणे. पण बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करीत चौसष्ट घरे भरायची. राजाचे कोठार रिते होते. यंत्राची भाषा शून्य आणि एक या दोनच अंकांची. तिच्यातल्या बत्तीस-बत्तीस घरांच्या दोन संख्यांची बेरीज घेतली, तर संख्यांच्या जोड्या किती होतात? त्या पटावरच्या एकूण दाण्यांपेक्षा बरोबर एकाने जास्त! सेकंदाला एक अब्ज जोड्या तपासल्या, तरी सगळ्या संपायला सुमारे ५८५ वर्षे लागतील. आणि ही तर साधी बेरीज झाली.

तेव्हा दुसरा उपाय हवा होता. तो आला बांधकामाच्या आणि कारखानदारीच्या बाजूने. १९५७ साली अमेरिकेत ड्यू पाँट या रसायनांच्या कंपनीतले मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँड या गणकयंत्रे करणाऱ्या कंपनीतले जेम्स केली या दोघांनी मोठ्या कामाचे वेळापत्रक आखण्याची एक रीत बसवली. १९५८ साली अमेरिकन आरमाराने पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी तशीच एक रीत काढली. तिचे नाव ‘पर्ट’. रीत समजायला सोपी आहे. घर बांधायचे आहे असे समजा. पायाला पंधरा दिवस, भिंतींना महिना, छपराला दहा दिवस. इकडे सुतार दारे-खिडक्या करतो आहे, त्याला वीस दिवस. कोणते काम कोणत्या कामानंतर, याच्या रेघा कागदावर ओढायच्या, प्रत्येक रेघेवर दिवस लिहायचे आणि सर्वांत लांब साखळी शोधायची. पाया, भिंती, छप्पर मिळून पंचावन्न दिवसांची साखळी निघाली, तर सुताराने कितीही घाई केली तरी घर पंचावन्न दिवसांच्या आत उभे राहत नाही.

१९६६ साली आयबीएम कंपनीतल्या कर्कपॅट्रिक आणि क्लार्क या दोघांनी हीच रीत गणकयंत्राच्या फाटकांना लावून दाखवली. कामाच्या जागी फाटक, दिवसांच्या जागी सेकंदाचे सूक्ष्म भाग. आकडे कोणते घातले हे बघायचेच नाही. फक्त नकाशा घ्यायचा, वाटा मोजायच्या आणि लांबातली लांब वाट काढायची. ५८५ वर्षांचे काम घटकाभरात! पुढे १९८० साली मॅकविल्यम्स यांनी आणि १९८२ साली आयबीएममधल्या हिचकॉक, स्मिथ आणि चेंग यांनी हे तंत्र मोठमोठ्या यंत्रांना पुरेल असे वाढवले. यालाच आज ‘स्टॅटिक टायमिंग ॲनॅलिसिस’ म्हणतात. यंत्र चालवून न बघता, ते स्थिर आहे असे धरून केलेले वेळेचे मोजमाप, असा त्याचा अर्थ.

ही रीत उसनी आणली होती, आणि उसन्या वस्तूबरोबर तिच्या मूळ मालकाच्या सवयीही घरात येतात. घराच्या बांधकामात पाया, भिंती, छप्पर ही सगळीच कामे व्हायची असतात. एकही सुटत नाही. म्हणून तिथली लांब साखळी ही खरीच असते. यंत्रातल्या वाटांचे तसे नाही. एका वेळी काही वाटा जाग्या असतात, काही निजलेल्या. कोणत्या जाग्या हे त्या वेळच्या आकड्यांवर ठरते. नकाशाला हे कळत नाही. नकाशावर सगळ्या वाटा सारख्याच.

हे नीट समजण्यासाठी एक कल्पित गाव घेऊ. या गावाहून तालुक्याला टपाल जाते. वाटेत आधी नदी, मग तलाव. उन्हाळ्यात नदीला उतार असतो. टपालवाला पाण्यातून पलीकडे जातो, एक तास लागतो. पावसाळ्यात उतार बंद. लांबच्या पुलावरून वळसा घालायचा, तीन तास. पुढे तलाव. पावसाळ्यात तो भरलेला असतो आणि होडी चालते, एक तास. उन्हाळ्यात पाणी आटते, होडी काठावर उपडी पडते आणि तलावाला पायी वळसा घालावा लागतो, तीन तास. आता तालुक्याच्या कचेरीतला कारकून नकाशा पुढे घेऊन हिशेब करतो. पुलाचा वळसा तीन तास, तलावाचा वळसा तीन तास, एकूण सहा. म्हणून तो फर्मान काढतो की टपालाची पिशवी सहा तासांनी उघडावी. पण मंडळी, सहा तासांची वाट चालणारा टपालवाला कोणी पाहिला आहे का? पुलावरून जावे लागते ते पावसाळ्यात, आणि तलावाला वळसा घालावा लागतो तो उन्हाळ्यात. पावसाळ्यात तीन आणि एक, चार तास. उन्हाळ्यात एक आणि तीन, तेही चारच. सहा तासांची वाट नकाशात आहे. तिचा प्रत्येक तुकडा खरा आहे. पण दोन्ही तुकडे एकाच प्रवासात येत नाहीत. हीच खोटी वाट. आणि तिच्यापायी तालुक्यात रोज दोन तास टपाल बंद पिशवीत पडून राहते.

आता याची गंमत बघा. गणकयंत्रात मुद्दाम अशी वाट ठेवण्याची कला १९६६ च्या आधीचीच आहे. १९६१ साली लेहमन आणि बुर्ला यांनी हातचा ‘उडवण्याच्या’ युक्त्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. ती युक्ती आपल्या नेहमीच्या दशमान अंकांत सांगतो. शिक्षकांना ती वर्गातही करून बघता येईल. ३६२७ आणि ६३७२ या संख्या एकाखाली एक मांडा. प्रत्येक घराची बेरीज नऊ येते. अशा घरात उजवीकडून हातचा आला, तर तो जसाच्या तसा डावीकडे जातो. नाही आला, तर काहीच जात नाही. घराची बेरीज दहा किंवा अधिक असेल, तर हातचा तिथूनच नवा निघतो. आठ किंवा कमी असेल, तर आलेला हातचा तिथेच जिरतो. म्हणजे हातचा आरपार जायचा तो फक्त नऊच्या घरांतून.

यावरून युक्ती अशी की सोळा घरांची बेरीज असेल तर चार-चार घरांचे चार गट करायचे आणि प्रत्येक गटावर एक पहारेकरी बसवायचा. गटातली चारही घरे नऊची आहेत असे दिसले, की पहारेकऱ्याने येणारा हातचा आत न पाठवता बाहेरच्या बाहेर पुढच्या गटाकडे धाडायचा. एक घर ओलांडायला एक क्षण आणि गट बाहेरून ओलांडायलाही एक क्षण लागतो असे धरू. पहिल्या घरात निघालेला हातचा पहिल्या गटातून चार क्षणांत बाहेर पडेल, मधले दोन गट दोन क्षणांत उडून जाईल आणि शेवटच्या गटात फार तर चार क्षण चालेल. एकूण दहा. पण नकाशा घेऊन बसलेल्याला काय दिसते? गटाच्या आतली घरे तर एकमेकांना जोडलेलीच आहेत. म्हणून तो सोळा घरे मोजतो आणि सोळा क्षण सांगतो. मधला गट आतून आरपार ओलांडायचा, तर चारही घरे नऊची हवीत. आणि चारही नऊची असली, की पहारेकरी बाहेरच्याच वाटेचा हातचा पुढे पाठवतो. टपालवाल्याचा पूल आणि तलाव झाला की नाही? वेग वाढवण्यासाठी केलेली सगळी मेहनत नकाशाच्या हिशेबात मातीमोल.

नकाशातली लांबी आणि प्रत्यक्षातला उशीर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे गणिताच्या अंगाने मांडणारा एक निबंध सोव्हिएत गणिती ख्रापचेन्को यांनी १९७८ साली प्रसिद्ध केला. इकडे कारखान्यांतल्या इंजिनियरांना रोजच्या कामात हाच अनुभव येत होता. मोजणारा प्रोग्रॅम एखाद्या लांब वाटेवर बोट ठेवी, आणि ज्याने ते सर्किट आखले तो म्हणे, ‘या वाटेने कोणी जात नाही, सोडून द्या.’ मग त्या वाटेचे नाव एका यादीत लिहायचे, आणि प्रोग्रॅमने यादीतल्या वाटा मोजायच्या नाहीत. ही वहिवाट पुढे पक्की झाली. आजही सर्किटाबरोबर नियमांची एक यादी दिली जाते आणि तिच्यात ‘सेट फॉल्स पाथ’ अशी एक आज्ञा असते. आज्ञा दिली की मोजणारा प्रोग्रॅम निमूटपणे त्या वाटेकडे पाठ फिरवतो.

इथे खरा पेच आहे. चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते. खोटी वाट खरी मानली, तर इंजिनियर जिथे गरज नाही तिथे रुंद आणि दणकट फाटके बसवतो. चिपमध्ये जागा जाते, वीज जाते, वेग जातो. नुकसान होते, पण उत्तर बरोबर येते. याच्या उलट खरी वाट खोटी मानली, तर मोजमापाच्या कागदावर सगळे ठीक दिसते, चिप तयार होते, विकली जाते. आणि मग एखाद्या दुपारी, चिप तापली असता आणि आकडे नेमके जुळून आले असता, हातचा ठोक्यानंतर पोचतो. उत्तर चुकते. दुसऱ्या दिवशी तेच गणित पुन्हा घातले तर बरोबरही येते. अशी चूक शोधणे म्हणजे रात्री एकदाच भुंकलेला कुत्रा सकाळी शोधणे. पहिली चूक पैशाची आहे, दुसरी विश्वासाची. आणि एकदा चिपमध्ये कोरलेली वाट खोडरबराने पुसता येत नाही.

मग माणसाच्या शब्दावर विसंबण्याऐवजी वाट खोटी असल्याचे यंत्राकडूनच सिद्ध करून घेता येईल का, हा प्रश्न पुढे आला. १९८६ साली आयबीएममधल्या ब्रँड आणि अय्यंगार यांनी फाटकांचे परस्परसंबंध लक्षात घेऊन वेळ मोजण्याची रीत मांडली. १९८७ साली बेन्कोस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोट्या वाटा वगळून लांबातली लांब खरी वाट शोधण्याच्या रीती दिल्या. काम अवघड होते. वाट खोटी आहे म्हणायचे, तर तिला जाग आणणारी आकड्यांची एकही जोडी नाही असे दाखवावे लागते. ‘असा एखादा तरी संच आहे का?’ या जातीच्या प्रश्नांना सगळीकडे चालेल असा जलद उपाय आजवर कोणालाही सापडलेला नाही. हे प्रश्न किती कठीण आहेत, याचे शास्त्र स्टीफन कुक यांनी १९७१ साली उभे केले होते.

कठीणपणाच्या जोडीला एक सापळाही होता. पहिल्यापहिल्या रीतींनी सोपा विचार केला. वाटेवरच्या सगळ्या फाटकांच्या अटी एकाच वेळी पुऱ्या होत असतील तर वाट खरी, नाहीतर खोटी. आपल्या कारकुनाची चूक दुरुस्त करणारा हाच विचार आहे ना? पावसाळा आणि उन्हाळा एकाच वेळी असू शकत नाही, म्हणून सहा तासांची वाट खोटी. पण ज्या दिवशी ऋतू बदलतो त्या दिवसाचे काय? समजा, होडीचा मक्ता एका ठरल्या दिवशी दुपारी बारा वाजता संपतो. त्या दिवशी सकाळी दहा वाजता टपालवाला निघाला. नदीचा उतार अजून बंद होता, म्हणून तो पुलावरून तीन तासांचा वळसा घेऊन एक वाजता तलावावर आला. होडी बाराला बंद झालेली. आता तलावाला वळसा. बिचाऱ्याने त्या एका दिवशी सहाच्या सहा तास तंगडतोड केली!

यंत्रात ऋतू वर्षातून दोनदा बदलत नाही. तो ठोक्याठोक्याला बदलतो. वाटा उघडणारे आणि मिटणारे आकडेही कुठल्या तरी वाटेनेच येतात, त्यांनाही वेळ लागतो, आणि ते पोचेपर्यंत जुनीच परिस्थिती चालू असते. म्हणून अटी एकाच वेळी पुऱ्या होतात का, एवढे पाहून भागत नाही. त्या कोणत्या क्षणी पुऱ्या होतात हेही पाहावे लागते. नाहीतर खरी वाट खोटी ठरते, म्हणजे घातक बाजूची चूक होते. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठातले मॅकगीर आणि ब्रेटन यांनी १९८९ साली या सापळ्याचा नीट विचार करून नवी कसोटी मांडली. जो आकडा अजून पोचलेला नाही तो काहीही असू शकतो असे धरून चालायचे, हा तिचा गाभा. शिवाय एखादे फाटक अपेक्षेपेक्षा जलद निघाले, म्हणून निकाल उलटता कामा नये, असाही त्यांचा आग्रह होता. संशय आला तर वाट खरी मानायची, म्हणजे चूक झालीच तर ती पैशाची व्हावी, विश्वासाची होऊ नये.

हातच्याच्या पहारेकऱ्याची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. समजा, चिप तयार होताना काही दोष राहिला आणि एका गटाचा पहारेकरी कायमचा निजला. आता हातचा बाहेरच्या वाटेने जाणार नाही. पण आतली घरे जोडलेली आहेतच. तो आतून चालत चालत पलीकडे जाईल. उत्तर काय येईल? बरोबरच येईल, फक्त उशिरा येईल. म्हणून अशी चिप हळू ठोक्यावर तपासली, तर ती उत्तीर्ण होते. आणि पुऱ्या वेगाने चालवली, की केव्हा तरी चुकते. आराखड्यात जी वाट खोटी होती ती पहारेकरी निजल्याबरोबर खरी झाली! वेग हवा असेल तर असा न दिसणारा दोष पदरी घ्यावाच लागतो का, हा प्रश्न कॉयट्झर, मलिक आणि सालडाना यांनी विचारला आणि १९९१ सालच्या निबंधात त्याचे उत्तर दिले की नाही, घ्यावा लागत नाही. वेग कमी न करता असे सर्किट पुन्हा रचता येते आणि तपासणीत न दिसणारी जागा काढून टाकता येते.

‘खोटी वाट’ या शब्दाचा आणखी एक वापर आजच्या कारखान्यांत रूढ आहे, आणि तो वेगळा ओळखला पाहिजे. एकाच चिपमध्ये पुष्कळदा दोन वेगळी घड्याळे असतात, दोन शाळांच्या दोन वेगळ्या घंटा असाव्यात तशी. एका शाळेतून दुसरीत निरोप जातो, पण घंटांचा मेळ नसतो, म्हणून ‘किती वेळात पोचले पाहिजे’ हा प्रश्नच तिथे नीट विचारता येत नाही. अशा वाटेवरही पुष्कळ इंजिनियर ‘फॉल्स पाथ’ असाच शिक्का मारतात. पण या वाटेवरून तर रोज वर्दळ असते! १९७३ साली चेनी आणि मोल्नार यांनी दाखवून दिले की, बदलत असतानाच पकडला गेलेला आकडा काही काळ ना शून्य ना एक असा लटकत राहू शकतो. त्यासाठी अशा जागी आकडा एकदा पकडून, ठोकाभर थांबून, मग पुन्हा पकडण्याची योजना करावी लागते. हे न करता नुसता शिक्का मारला, तर काम झाल्यासारखे वाटते आणि धोका जिथल्या तिथे राहतो. ‘इथून कोणी जात नाही’ आणि ‘इथे आम्ही मोजत नाही’ ही दोन वाक्ये कागदावर एकाच आज्ञेने लिहिली जातात. अर्थाने त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तेव्हा या साऱ्या इतिहासातून काय हाती लागते? नकाशावाल्यांची रीत टाकाऊ नव्हती. तिच्याशिवाय आजची कोट्यवधी फाटकांची चिप तपासणे अशक्य झाले असते, आणि तिची चूक सुरक्षित बाजूची होती. जाणत्या इंजिनियराचा शब्दही टाकाऊ नव्हता. कोणत्या वाटेने कोण जाते हे त्यालाच ठाऊक असते. पण त्या शब्दाला कारणाची जोड नसली, तर तो काळाबरोबर शिळा होतो. ज्या वर्षी वाट खोटी म्हणून लिहिली, त्या वर्षी ती खोटी असेलही. पुढे दुसऱ्या कोणी सर्किटात एक फाटक वाढवले, एक अट बदलली, म्हणजे उन्हाळ्यातही होडी सुरू झाली किंवा उतारावर बंधारा झाला. तरी जुनी यादी तशीच पुढे चालत राहते, आणि तिच्यातली एखादी ओळ केव्हा खरी वाट झाकू लागली हे कोणाला कळत नाही. म्हणून चांगले इंजिनियर प्रत्येक खोट्या वाटेपुढे ती खोटी का, हे लिहून ठेवतात, आणि आराखडा बदलला की ते कारण पुन्हा तपासतात. कारण लिहिता आले नाही, तर ती वाट खरी धरून मोजतात.